रस्त्याकडेच्या स्मृतिखुणांना बंदी नको, नियम हवेत

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

सोलापुरातून पुण्याकडे, हैदराबादकडे, विजापूरकडे, तुळजापूरकडे, अक्कलकोटकडे किंवा मंगळवेढ्याकडे जाणारा कोणताही रस्ता धरला, तरी शहराची हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात साईडपट्टीच्या कडेला एखादा लहानसा चौथरा, लोखंडी चौकटीतले छायाचित्र किंवा उन्हाने विटलेला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स दिसतो. त्या जागी कुणाचा तरी अपघाती मृत्यू झालेला असतो आणि घरच्यांनी ती खूण ठेवलेली असते. अशा खुणा असाव्यात की नसाव्यात, असल्या तर कुठे, केवढ्या आणि किती काळ, हे सर्वांना ठाऊक असेल अशा स्पष्ट नियमाने आपल्याकडे ठरलेले नाही. रस्त्यांच्या कामावर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस म्हणून या विषयावर काही लिहावेसे वाटले, ते आपल्या पत्रातून जिल्हा प्रशासनापर्यंत आणि वाचकांपर्यंत पोहोचावे, ही विनंती.

कायद्याकडे पाहिले तर उत्तर सरळ दिसते. राष्ट्रीय महामार्गाची जमीन ही केंद्र सरकारची मालमत्ता असून २००२ च्या महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायद्यानुसार परवानगीवाचून तिचा ताबा घेता येत नाही. शहराच्या हद्दीत रस्त्यावरचे अतिक्रमण हटवण्याचे अधिकार महापालिका आयुक्तांना आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि इतर सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे होऊ देऊ नयेत, असा आदेश दिला आणि १८ जानेवारी २०१३ रोजी त्याही पुढे जाऊन सार्वजनिक रस्ते, पदपथ व त्यांच्या कडेच्या जागांवर पुतळा किंवा कोणतेही बांधकाम उभारण्यास परवानगी देऊ नये, असे राज्यांना बजावले. हे आदेश वाचल्यावर कुणीही म्हणेल की चौथरे काढा आणि विषय संपवा.

प्रत्यक्षात मात्र विषय संपत नाही, कारण कायदा सर्वांना सारखा लागू होतच नाही. ज्याच्या घराण्याचे गावात वजन आहे, त्याच्या मुलाचा चौथरा ग्रॅनाइटचा होतो, त्याला स्टीलचा कठडा येतो, वर पत्र्याची शेड येते, पुण्यतिथीला मंडप पडतो आणि नेत्यांच्या छायाचित्रांचा फ्लेक्स मृताच्या छायाचित्रापेक्षा मोठा होतो. त्याला हात लावण्याची कुणाची प्राज्ञा नसते. उलट एखाद्या विडी कामगार बाईने आपल्या नवऱ्यासाठी ठेवलेली चार विटांची खूण रस्त्याचे गवत काढणाऱ्या ठेकेदाराची माणसे पहिल्याच फेरीत उचलून टाकतात. नियम नसला की मोकळीक सर्वांना मिळते, हा समज चुकीचा आहे. नियम नसला की ती फक्त दांडग्यांना मिळते.

नोकरीत असताना एका रस्त्याच्या रुंदीकरणात असा एक चौथरा माझ्या देखरेखीखाली काढावा लागला. रस्त्याचे आणि गावाचे नाव देत नाही. चौथरा असेल दोनेक फूट उंचीचा, न्हाणीघरात बसवतात तसल्या पांढऱ्या टाइल्स लावलेला. समोर काचेआड तरुण मुलाचे छायाचित्र होते, पण काचेत पाणी शिरल्यामुळे चेहऱ्याच्या जागी निळसर डाग तेवढा उरला होता. खाली मृत्यूची तारीख आणि तिथी दोन्ही कोरलेली होती आणि वरच्या कोपऱ्यात मोटारसायकलचा एक आरसा सिमेंटमध्ये पक्का बसवलेला होता. जेसीबी लावण्याआधी आमच्या मिस्त्रीने कुणी न सांगता छिन्नीने काच सोडवली, छायाचित्र आणि आरसा गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवला. दुपारी मुलाचे वडील आले. चौथरा काढल्याबद्दल त्यांनी वाद घातला नाही. “आधी सांगितलं असतं तर आम्हीच काढून नेला असता की साहेब,” एवढेच म्हणाले आणि मग विचारले, “आता ह्ये वळण तरी सरळ करणार का?”

पहिल्या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर होते, पण ते सांगण्यासारखे नव्हते: चौथऱ्याची नोंद कुठल्याच कागदावर नसल्यामुळे नोटीस कुणाच्या नावे काढायची, हे कार्यालयाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकाशात होते. वळणाच्या आतल्या बाजूची जमीन संपादनात नव्हती, त्यामुळे रस्ता रुंद होऊनही वळण तसेच राहणार होते. माझ्या मते त्या वडिलांच्या या दोन वाक्यांत सगळा विषय आला आहे. या खुणांची कुठेतरी नोंद हवी, आणि खूण ठेवल्यामुळे त्या जागेकडे कुणीतरी अभियंत्याच्या नजरेने पाहायला हवे.

सरसकट परवानगी का देऊ नये, हेही सांगितले पाहिजे, कारण या प्रश्नात भावना इतक्या पुढे असतात की रस्त्याच्या सुरक्षिततेबद्दल बोलणारा माणूस निर्दय ठरतो. भरधाव वाहन रस्ता सोडून खाली उतरले तर त्याला सावरायला कडेची मोकळी जागा लागते. त्या जागेत काँक्रीटचा चौथरा असेल, तर जे वाहन शेतात जाऊन थांबले असते ते चौथऱ्यावर आदळते आणि एका मृत्यूची खूण दुसऱ्या मृत्यूचे कारण होते. दुभाजक फोडून केलेल्या गावच्या वाटांपाशी लावलेला फ्लेक्स तर अधिकच वाईट, कारण ट्रॅक्टर घेऊन बाहेर पडणाऱ्याला समोरून येणारी गाडी तो दिसू देत नाही. शिवाय वर्षश्राद्धाच्या दिवशी आप्तेष्ट जीप-टेम्पो करून येतात, वाहने साईडपट्टीवरच उभी राहतात, बायका-मुले रस्ता ओलांडतात, नारळ फुटतो, उदबत्ती लागते आणि सारे कुटुंब ज्या जागेने आपले माणूस नेले त्याच जागी पाठीमागून येणाऱ्या ट्रककडे पाठ करून उभे असते. पुलाच्या कठड्याला बांधलेल्या फोटोपाशी अशी गर्दी पाहून माझ्या पोटात गोळा येत असे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची आहे, ती परदेशातल्या नियमावल्यांत सापडणार नाही. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागला की त्याला हात लावायला कुणी धजावत नाही. आज खूण, उद्या दिवा, परवा ट्रकवाल्यांनी टाकलेली नाणी, मग दानपेटी आणि अखेरीस कळस, हा प्रवास आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या टप्प्यावर घरच्यांचा त्या जागेवरचा हक्कही संपलेला असतो. मुलाचे नाव पुसले जाते आणि भलत्याच देवाचे लागते. म्हणून खुणेवर कोणत्याही धर्माचे चिन्ह असू नये, तिच्यापाशी दिवा किंवा पेटी असू नये, हे मी आग्रहाने सांगेन. त्यात कुणाच्या श्रद्धेचा अवमान नाही. श्रद्धेला घर आहे, देऊळ आहे, मशीद आहे, कबरस्तान आहे. रस्त्याच्या कडेला फक्त नाव पुरे आहे.

मात्र मृत्यूच्या जागी खूण ठेवण्याची इच्छाच चुकीची आहे किंवा ही फ्लेक्सच्या जमान्यातली नवी फॅशन आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या भागातल्या कितीतरी गावांत देवळासमोर किंवा शिवेवर वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरे वाचवताना आलेले मरण, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. नाव कोरलेले नसले तरी गावाने त्या मरणाची दखल घेतली होती. माणूस गेला त्याची खूण आपल्या मुलखात शतकानुशतके ठेवली जाते. ती अचानक परवापासून बेकायदा आहे असे कागदावर सांगून मनातून जाणार नाही. शिवाय एस.टी.च्या थांब्यावरचे बाक, पाणपोई, शाळेची खोली ‘स्मरणार्थ’ देण्याची रीतही आपलीच आहे. प्रशासनाने तिचा उपयोग करून घ्यायला हवा होता.

इतर देशांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ग्रीसमध्ये लोखंडी खांबावर बसवलेली चिमुकली देवळासारखी पेटी रस्तोरस्ती दिसते आणि ती बहुतांशी कुटुंबांवर सोडलेली आहे. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात १९५३ पासून माजी सैनिकांची संघटना प्रत्येक मृत्यूमागे एक लहान पांढरा क्रूस लावत आली आहे. एका वळणावर चार क्रूस दिसले की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. फ्लोरिडात कुटुंबाने अर्ज करायचा आणि राज्याच्या वाहतूक खात्याने स्वतः एकसारखी गोल पांढरी पाटी लावायची, तिच्यावर ‘सुरक्षित वाहन चालवा’ हा मजकूर आणि खाली नाव, अशी पद्धत आहे. डेलावेअरने महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी एक सामायिक स्मृतिउद्यानच केले. क्रूस आपल्याला चालणार नाही हे उघड आहे, आणि ग्रीसची मोकळीक दिली तर वर सांगितलेल्या कळसापर्यंत आपण वर्षभरात पोहोचू. मला फ्लोरिडाची रीत आपल्याला सर्वांत जवळची वाटते, आणि तिचे कारण भावनिक नसून कायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशात रस्त्यावरचे दिवे आणि वाहतुकीशी संबंधित उभारणी यांना वगळलेले आहे. कुटुंबाने बांधलेला चौथरा त्या सवलतीत कधीच बसणार नाही. पण रस्त्याची मालकी असलेल्या यंत्रणेने स्वतः लावलेली, चालकाला सावध करणारी आणि त्याच जागी गेलेल्या माणसाचे नाव असलेली पाटी ही वाहतूक सूचना आहे, असे म्हणायला वाव आहे. यावर विधी विभागाचे मत घ्यावेच, पण वाट आहे.

अशी पाटी केवढी असावी, तर किलोमीटरच्या दगडापेक्षा मोठी नसावी. ती हलक्या पत्र्याची, धडक बसताच वाकेल अशा बारीक नळीवर असावी, तिच्याखाली काँक्रीटचा पाया नसावा. दुभाजकात, पुलाच्या कठड्यावर, वळणाच्या आतल्या बाजूस आणि चौकाच्या तोंडाशी ती कदापि नसावी. रस्त्याच्या हद्दीचे दगड जिथे आहेत त्या रेषेत, म्हणजे साईडपट्टीपासून शक्य तितकी दूर असावी आणि नेमकी जागा अभियंत्याने ठरवावी. नाव, वय, तारीख आणि ‘सावकाश चालवा’ एवढाच मजकूर. पदव्या, पक्षाचे चिन्ह, शोकाकुल मित्रमंडळ, सौजन्य, यातले काहीही नको. छायाचित्र नसावे असे माझे मत आहे, कारण चालत्या वाहनातून चेहरा पाहायला मान वळते. पण घरच्यांना चेहरा हवा असतो हेही मी जाणतो, त्यामुळे या एका मुद्द्यावर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने वेगळा निर्णय घेतला तर माझी हरकत नाही.

अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. एकाच गावाजवळचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, त्याला मिळणारा दुसरा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तिसरा जिल्हा परिषदेचा आणि शहरात शिरल्यावर महापालिकेचा असतो. दुःखातल्या कुटुंबाला या चार दारी पाठवणे म्हणजे नकार देण्याचीच सभ्य रीत आहे. ज्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तिथेच, विनाशुल्क, साध्या कागदावर अर्ज घेतला जावा. अपघाताची जागा अक्षांश-रेखांशासह संगणकावरच्या अपघात नोंदीत पोलीस आधीच भरतात. रस्ता कुणाचा हे तिथूनच कळते, बाकीचा पत्रव्यवहार सरकारने आपापसांत करावा. याच अर्जाच्या वेळी अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाला असेल तर वारसांना दोन लाख रुपयांच्या भरपाईची तरतूद २०२२ पासून आहे, हेही ठाणे अंमलदाराने सांगावे. ती माहीत नसलेली घरे मी पाहिली आहेत.

चूक कुणाची, हा प्रश्न इथे येणार. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचे, उलट दिशेने येणाऱ्याचे नावही पाटीवर यावे का? मी यावर बराच विचार केला आणि यावे, असेच माझे मत झाले. पाटी हा निकाल नाही. चूक ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि ते वर्षानुवर्षे चालते. तोवर पाटी अडवून ठेवली तर ती कुणालाच मिळणार नाही. शिवाय चूक करणाऱ्याची आईही आईच असते. एवढी सोय मात्र असावी की एकाच अपघातातल्या दुसऱ्या कुटुंबाने लेखी हरकत घेतली, तर दोन नावे शेजारी-शेजारी लावू नयेत आणि दोन्ही नावे न टाकता केवळ तारखेची व सावधगिरीची पाटी लावावी.

ज्यांच्यासाठी अर्ज करायला इथे कुणीच नसते, त्यांचाही विचार आपल्या जिल्ह्याला करावा लागेल. आषाढीला पंढरपूरकडे चालणारे वारकरी, कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर अनवाणी जाणारे भाविक, गळीत हंगामात बीडकडून येणारे ऊसतोड मजूर आणि कुठून कुठे माल नेणारे परप्रांतीय चालक, हे सर्व आपल्या रस्त्यांवर मरतात आणि त्यांची माणसे मृतदेह घेऊन आपापल्या गावी निघून जातात. चौथरे बहुधा स्थानिकांचेच दिसतात ते यामुळे. अशा वेळी ज्या गावाच्या शिवारात अपघात झाला, त्या ग्रामपंचायतीला ठराव करून अर्ज करण्याचा अधिकार असावा.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसे दगावली, तरच ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे अपघातप्रवण ठरून तशा जागांच्या यादीत येते. म्हणजे पहिले नऊ मृत्यू, अपघातांची संख्या कमी असेल तर, त्या यादीच्या बाहेरच राहू शकतात. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ आणि एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ माणसे रस्त्यांवर गेली; यातली असंख्य माणसे अशा जागी गेली असणार ज्यांचे नाव कुठल्याच यादीत नाही. घरच्यांना ती जागा ठाऊक असते. सेवा रस्ता अर्धवट सुटला आहे, उतारावर पाणी साचते, रिफ्लेक्टर नसलेली उसाची डबल ट्रॉली रात्री तिथेच उभी राहते, फलक झाडाआड गेला आहे, हे त्यांना कुणाही सल्लागार कंपनीआधी समजलेले असते, कारण ते त्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन उभे राहिलेले असतात.

म्हणून माझी मागणी अशी की स्मृतिपाटीचा प्रत्येक अर्ज हा त्या जागेच्या तपासणीचाही अर्ज मानला जावा. पाटी लावायला जाणाऱ्या अभियंत्याने तिथेच दृश्य अंतर, उतार, खड्डे, दिवे, फलक आणि दुभाजकातल्या वाटा पाहून एक पानाचा अहवाल लिहावा, कुटुंबाचे म्हणणे त्यात त्यांच्याच शब्दांत घ्यावे आणि तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवावा. पाटीच्या मागच्या बाजूला अपघात नोंदीचा क्रमांक असावा, म्हणजे उद्या कुणीही त्या क्रमांकावरून विचारू शकेल की अहवालाचे काय झाले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले असून रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू ओढवला, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्यावर आजवर काम केलेल्या माझ्यासारख्यांना हे ऐकायला गोड वाटणार नाही, पण असा एक पानाचा अहवाल त्या कलमाला पुरावा देईल. खात्यातून या सूचनेला विरोध झाला, तर तो फ्लेक्सच्या विद्रूपतेमुळे नव्हे तर याच कारणाने होईल, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पाटी एक वर्ष असावी. हिंदू घरांत वर्षश्राद्धापर्यंतचा काळ शोकाचा मानतात, मुसलमान घरांतही बरसी करतात, त्यामुळे ही मुदत कुणाला परकी वाटणार नाही. मात्र तपासणीत आढळलेला दोष वर्षभरात दुरुस्त झाला नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत पाटी तिथेच राहावी. ती हलवायची घाई मग खात्याला असेल. मुदत संपल्यावर पाटी सन्मानाने कुटुंबाच्या हाती द्यावी आणि नाव हवे असल्यास एका सामायिक जागी लावावे. पुणे महामार्गावर सावळेश्वर किंवा वरवडे टोलनाक्यालगत जिथे वाहने सुरक्षितपणे थांबू शकतात, तिथे झाडांची एक रांग आणि नावांची एक भिंत करायला फार खर्च येणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये नोव्हेंबरातला तिसरा रविवार रस्ते अपघातांतील मृतांच्या स्मरणासाठी ठरवला आहे. त्या दिवशी कुटुंबांनी तिथे जमावे, वळणावर नव्हे.

आज जे चौथरे उभे आहेत त्यांच्यावर या नियमांच्या नावाखाली रातोरात जेसीबी फिरवू नये. आधी त्यांची यादी करावी, गावात विचारून प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचावे, तीन महिन्यांची मुदत द्यावी, बदल्यात पाटी देऊ करावी आणि मगच काढावे. ग्रॅनाइटचे आधी, विटांचे नंतर, हा क्रम ठेवला तर लोकांचा विश्वास बसेल.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने या धर्तीवर नियमांचा मसुदा तयार करून तो हरकतींसाठी प्रसिद्ध करावा, अशी माझी विनंती आहे. तो मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही असावा, कारण सोलापूर जिल्ह्यात ज्या घरांतली माणसे रस्त्यावर गेली आहेत ती घरे या चारही भाषा बोलतात, आणि हरकत नोंदवण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
जुळे सोलापूर